जिभेवरचा नकाशा, पुरणातला खड्डा

रविवारी सकाळी, देवासच्या टेकडीमागच्या मल्हारी देवस्थानात, भरसभेत पुरणचोरानं आ केला. विहंगनं टॉर्च मारला. विश्वस्तांनी रांगेनं पुढे येऊन आत पाहिलं, आणि श्रिया नाफडे निर्दोष ठरली.

यातलं काहीही घडलेलं नाही. देवस्थानच्या इतिवृत्तात त्या दिवशी ‘चहापान होऊन सभा संपली’ एवढंच लिहिलं आहे, आणि इतिवृत्त कधी खोटं बोलत नाही. तेव्हा आपणही काही पाहिलेलं नाही असं धरू आणि शुक्रवारी धारला जाऊ.

धारला विहंगचा दातांचा दवाखाना होता. तिथली वेटिंग रूम कायम रिकामी असायची, म्हणून त्याच्या मावसबहिणीनं, म्हणजे रुक्मिणी फणसे हिनं, तिथंच खासगी तपासाची एजन्सी थाटली होती. पाटी एकच होती. वर दात, खाली भिंग. तिरल्याहून अक्कलदाढ काढायला आलेल्या एका गृहस्थाला रुक्मिणीताईनं दाढ निघेस्तोवर विहिरीवरच्या मोटरचा चोर सांगितला होता. पैसे त्यानं फक्त मोटरचे दिले.

शुक्रवारी दारात एक मुलगी आली. विहंग टुणकन उठला. पेशंट!

"बसा, खुर्चीत बसा. कुठला दात?"

"दात नाही हो. जीभ दाखवायचीय." मुलगी खुर्चीत बसली तीच रागानं. "सगळ्या देवासनं बघितलीये, तुम्ही पण बघून घ्या भिया!"

तिनं जीभ बाहेर काढली. डाव्या बाजूला लालभडक, गुळगुळीत बेट होतं. भोवती पांढरी, नागमोडी किनार. खाली एक छोटं बेट, वेगळं राहणारं.

"अरे वा!" विहंग म्हणाला. तीन वर्षांत प्रथमच त्याला पुस्तकातलं काहीतरी प्रत्यक्ष दिसलं होतं.

"वा काय वा? या जिभेपायी आमचं राहतं घर जायची वेळ आलीये."

रुक्मिणीताईनं स्टूल ओढलं. "नीट सांग. पहिल्यापासून."

श्रिया सांगू लागली. टेकडीमागच्या देवस्थानात चंपाषष्ठीचा नैवेद्य रांधायचा मान नाफड्यांचा. पाच पिढ्यांपासूनचा. मानाबरोबर आवारातल्या दोन खोल्या राहायला. घरात आता दोघीच, श्रिया आणि तिची आई इंदू. काल षष्ठी होती. सकाळी दोघींनी सोवळ्यात पुरण शिजवलं, घोटलं, पातेल्यावर फडकं बांधलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि सोवळ्याचं पाणी आणायला विहिरीवर गेल्या. परत येऊन वरण, भात, भरीत, रोडगे यांच्या मागे लागल्या. दुपारी पान वाढायला घेतलं, फडकं सोडलं, तर पुरणात हा एवढा खड्डा.

"पळीनं उकरलेला," श्रिया म्हणाली. "पळी पण धुऊन नाही ठेवली, हरामखोरानं."

"तेव्हा पुरण कसं होतं?"

"कसं म्हणजे? थंडगार. इतकी थंडी पडलीये, पळी नाही घुसत होती त्याच्यात."

"राहिलेल्याचं काय केलंत?"

"गाईला घातलं. उष्टं ना ते! देवाला गूळ-खोबरं दाखवलं."

"कुणी चाखलंसुद्धा नाही?"

श्रिया दुखावली. "ताई, आमच्यात नैवेद्य नाही चाखत. रांधणारा पण नाही. गोड झालं की अगोड, ते आधी देवाला कळतं, मग आम्हाला."

रुक्मिणीताईनं मान डोलावली. "आणि जीभ यात कुठून आली?"

"अध्यक्ष गणपतराव जाचक. रिटायर्ड नायब तहसीलदार. धावत आले, खड्डा बघितला, आणि म्हणे, ज्यानं खाल्लं त्याची जीभ पोळली असणार, आवारातल्या सगळ्यांनी रांगेत उभं राहून जिभा दाखवा. दाखवल्या. बायका, पोरं, गुरव, कोणाला नाही सोडलं. माझा नंबर आला तर म्हणे, हा बघा चटका! मोबाइलवर फोटो काढला आणि देवस्थानच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मुद्देमाल’."

विहंगला हसू आलं. श्रियानं त्याच्याकडे असं पाहिलं की ते परत गेलं.

"मी म्हटलं, भाजलेलं नाहीये, असं माझं मधूनमधून होतं. तर म्हणे, मग ठेच्याला हात का नाही लावत? झोंबतो म्हणून नाही लावत! झालं, म्हणे कबुली. मग आई बिचारी पुढे आली. म्हणाली, अहो, माझीही जीभ अशीच आहे, लहानपणापासून. आणि दाखवली."

"मग?"

"मग काय? ठरलं, मायलेकींनी मिळून खाल्लं."

खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीवाल्याशी भांडत होतं. ते भांडण या मानानं फार समजूतदार वाटलं.

"रविवारी सभा आहे," श्रिया म्हणाली. आता आवाज बारीक झाला होता. "नैवेद्य उष्टावला म्हणून मान काढून घेणार. मान गेला की खोल्या गेल्या. आई काल रात्रीपासून भांडी बांधतेय. आम्ही काही नाही केलं, ताई!"

"पण हे तर काहीच नाही!" विहंग उसळला. "जिभेवर मखमलीसारखा थर असतो. काही जागी तो झडतो आणि लाल ठिपका दिसतो. कडेला पांढरी किनार. नकाशासारखं दिसतं म्हणून आमच्यात याला जिऑग्राफिक टंग म्हणतात. पक्कं कारण कुणालाच ठाऊक नाही. घराण्यात चालत येते, ताण आला की काहींची वाढते. तिखट-आंबट झोंबतं, एवढाच त्रास. ना ती कुणाला लागते, ना तिला औषध लागतं. आज इथं, चार दिवसांनी तिथं. मी सर्टिफिकेट लिहून देतो. केस खतम."

"पोळल्यावर असं होत नाही?" रुक्मिणीताईनं विचारलं.

"जीभ गरम घास फिरवून टाकते गं. चिकट पदार्थाचा चटका बसतो तो टाळूला. मागच्या शिमग्याला एक जण आला होता, गरम शिरा टाळूला चिकटलेला. सालपटं निघाली होती. आठवडाभर बिचारा दहीभातावर."

"बरं," रुक्मिणीताई म्हणाली आणि उठली. "सर्टिफिकेट लिही. उपयोग नाही होणार, पण लिही."

शनिवारी ते इंदूरवरून देवासला पोचले तेव्हा गणपतराव देवस्थानच्या ऑफिसात पोह्यांची बशी घेऊन बसले होते. त्यांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं, उलटं करून मागची बाजूही पाहिली.

"आपण दातांचे डॉक्टर?"

"हो."

"मग जीभ आपल्या हद्दीत कशी येते?"

जीभ दातांच्या शेजारी राहते, असं विहंग कसंबसं म्हणाला.

"शेजारच्या सर्व्हे नंबरवर पटवारी सही करत नसतो." गणपतरावांनी कागद परत केला. "चटका तो चटकाच. मी चौतीस वर्षं पंचनामे केलेत."

"अगदी बरोबर," रुक्मिणीताई गोड आवाजात म्हणाली. विहंगनं चमकून तिच्याकडे पाहिलं. "आपली जीभ कोणी तपासली, दादासाहेब?"

"माझी? अहो बाई, मी तपासणारा! मास्तर स्वतःचा पेपर तपासतो का?"

"नाहीच. परवा सकाळी आपण कुठं होतात?"

"इथंच. या खुर्चीवर. स्वयंपाकघराकडे मी फिरकत नाही, सोवळं असतं." गणपतरावांनी पोह्यांवरची शेव चमच्यानं गोळा केली आणि बशीच्या कडेला ढीग केला. चहा कधीचा समोर होता, त्यावर जाड साय धरली होती. "आणि बोलूच नये, पण बोलतो. पाच पिढ्यांचा मान म्हणे! पुरण तरी धड असावं? जायफळाचा पत्ता नाही, नुसत्या वेलचीवर भागवलेलं. देवाच्या नैवेद्याला ही काटकसर! असल्यांना काढलेलंच बरं."

"शेव नको आपल्याला?"

"ॲसिडिटी."

"मालव्यात राहून!" रुक्मिणीताई हळहळली. "देऊ का विहंगला?"

विहंगनं शेव खाल्ली. अपमान झाला की त्याला भूक लागायची.

बाहेर राजवर्धन भेटला. गणपतरावांचा पुतण्या, देवस्थानचा सचिव. एका हाताच्या बोटाला पट्टी, दुसऱ्या हातात कढईतून नुकती निघालेली कचोरी. तिच्यातून वाफ येत होती आणि तो ती अख्खी तोंडात घालत होता.

विहंगनं ताईला कोपर मारलं. "पट्टी बघ! पुरणाचा चटका!"

"बोटाला काय झालं हो?" ताईनं विचारलं.

"बाईक का सायलेन्सर, ताई. वांगी आणायला गेलो होतो ना पीपलरावां गावाला, रात्रीच्या महाप्रसादाच्या भरताची. येताना गाडी बंद. दुपारी पोचलो, तर इथं हे पूरा रामायण." त्यानं दुसरी कचोरी घेतली. "मी तर सीधी बात करतो. खोल्या मला पाहिजेत. पार्किंगसाठी. लग्नाला हॉल देतो आपण, गाड्या कुठं लावायच्या लोकांनी? पण पुरण मी नाही खाल्लं. अपने को मीठा जमतच नाही."

"तू पीपलरावांला गेलास हे कोण सांगेल?"

"वांगी सांगतील! तीस किलो होती. दुपारी उतरवली, पूरे गाँव ने देखा है."

विहंगच्या मते हा माणूस शंभर टक्के चोर होता. हेतू होता, पट्टी होती, आणि तो वांग्यांना साक्षीदार ठेवत होता.

गणपतरावांच्या पत्नी भवानीबाई देवळाच्या पायरीवर भंडाऱ्याची ताटं पुसत होत्या. त्यांनी दोघांना चहा मागवला, स्वतःचा कप फुंकरही न मारता घटाघट संपवला आणि रिकामा करून पालथा ठेवला.

"इंदूनं खाल्लं असेल असं वाटतं आपल्याला?"

"इंदूनं? हाताला लागलेलंसुद्धा ती धुऊन टाकते. पण आमच्याकडे बायकांचं विचारतं कोण! मी सकाळपासून देवापुढे होते, तळी भरायची तयारी चालली होती. माझीही जीभ बघितली हो यांनी. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, अन् जीभ बघितली!" त्यांनी ताट आपटलं. "यांना घरात बोलायची सोय नाही, तो सगळा अंमल इथं चालतो."

"घरात का नाही?"

"शुगर आहे यांना. तीन वर्षं झाली, घरात गुळाचा खडा येऊ देत नाही मी. साखरेच्या डब्याची किल्ली इथं." भवानीबाईंनी कमरेला हात लावला. "दूधसुद्धा मोजून."

शेवटी इंदूच्या खोलीत गेले. भांडी खरोखरच पोत्यात बांधलेली होती. इंदूनं त्यातलीच दोन काढून पाणी दिलं. रुक्मिणीताईनं तिला जीभ दाखवायला सांगितली नाही. बहुधा म्हणूनच इंदूचे डोळे भरून आले.

"एक सांगते," ती हळूच म्हणाली. "श्रियालाही ठाऊक नाही. माझ्या हातून चूक झालीच आहे. जायफळ किसायचं राहिलं. गाईला पुरण घालून आले, अन् बघते तर जायफळ आहे तसंच किसणीशेजारी. नुसती वेलचीच गेली हो पुरणात. देवाला माहीत होतं, म्हणून त्यानं घेतलंच नाही. कुणाला सांगू नका."

"नाही सांगत," रुक्मिणीताई म्हणाली. "म्हणजे उद्यापर्यंत नाही."

बाहेर आल्यावर विहंग म्हणाला, "बिचारी. एवढंसं जायफळ! पण ताई, आपल्या हाताला काय लागलं? काहीच नाही."

"विहंगा, तू पास कसा झालास रे?"

"दुसऱ्या प्रयत्नात."

रविवारी सभामंडपात सगळे जमले. पुढे विश्वस्त, मागे गाव. मध्ये श्रिया आणि इंदू, बसायला न सांगितल्यामुळे उभ्या. राजवर्धननं ठराव वाचायला घेतला. मराठी वाचताना तो अडखळायचा, त्यामुळे ‘मान काढून घेण्यात येत आहे’ इथपर्यंत यायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात रुक्मिणीताई उभी राहिली.

"श्रिया, जीभ दाखव. शेवटची."

श्रियानं दाखवली. बेट डाव्या बाजूला नव्हतंच. ते मध्ये सरकलं होतं आणि उजव्या कडेला नवं उगवलं होतं. रुक्मिणीताईनं ग्रुपवरचा ‘मुद्देमाल’ शेजारी धरला.

"गुरुवारी इथं, आज तिथं. भाजलेली जागा बरी होते, दादासाहेब. चालत नाही. आपण जमिनी मोजल्यात. स्वतः सरकणारा बांध पाहिलाय कधी?"

मागे कुणीतरी हसलं. गणपतरावांनी खाकरून पाहिलं. "ठीक आहे. हिनं नसेल खाल्लं. पण खड्डा तर पडला ना? चोर कोण?"

"तेच सांगते. खड्डा दिसला दुपारी. तेव्हा पुरण दगड झालं होतं, पळी शिरत नव्हती. ते पाहून कुणालाही काय वाटेल? थंड पुरण कुणीतरी खाल्लं. आपण मात्र आल्या आल्या म्हणालात, जीभ पोळली असणार. थंड पुरणानं कुणाची जीभ पोळते? ते गरम असताना खाल्लं हे आपल्याला कसं कळलं?"

"अंदाज! अनुभवाचा!"

"बरं, अनुभव धरू. म्हणजे सकाळी, दोघी विहिरीवर होत्या तेव्हा. राजवर्धन तेव्हा पीपलरावांला होता, वांगी साक्षीला आहेत. उरले आवारातले. आता जायफळ. काल आपण मला म्हणालात, पुरणात जायफळ नव्हतं. खरं आहे, नव्हतं. ते एकट्या इंदूताईंना माहीत होतं, तेही पुरण गेल्यावर कळलेलं. रांधणारी चाखत नाही. उरलेलं गाईनं खाल्लं, आणि गाईनं तक्रार केलेली नाही. मग आपल्याला कुणी सांगितलं?"

इंदूनं तोंडावर पदर धरला. श्रिया आईकडे बघतच राहिली.

"वास! वास आला नसेल मला?"

"वेलची आहे हे वासानं कळतं. जायफळ नाही हे कळायला घास तोंडात घालावा लागतो." रुक्मिणीताईचा आवाज आता चढला. "आणि तो घास घाईचा होता. बायको देवापुढे, विहिरीवरून दोघी कधीही येतील, तीन वर्षांची भूक. कढत पुरण टाळूला चिकटलं. आग झाली तसं डोक्यात आलं, तोंड पोळलेला माणूस सापडला की चोर सापडला. म्हणून आपण जिभा शोधल्या. जिभाच! टाळू कुणाची पाहिली नाहीत. काल राजवर्धन वाफाळती कचोरी खात होता, भवानीबाई कढत चहा घटाघट प्याल्या. आणि मालव्यातला माणूस पोह्यांवरची शेव बाजूला काढत होता, चहावर साय धरू देत होता. आपलं पाप लपवायला या पोरीच्या तोंडापुढे मोबाइल धरलात! तिचा फोटो गावभर फिरवलात! तिची आई खरं बोलली तर तिलाही चोर केलंत! काही वाटलं नाही?"

विहंगला तेव्हा कुठं शिऱ्याचा पेशंट आठवला. त्यानं खिशातून टॉर्च काढला. आयुष्यात प्रथमच त्याला वाटलं की आपण योग्य खात्यात आहोत.

"हे सगळं बिनबुडाचं आहे," गणपतराव म्हणाले. "मी तोंड उघडणार नाही. नियमात बसत नाही."

तेव्हा दुसऱ्या ओळीतून भवानीबाई उठल्या. त्या आवाज न चढवता बोलल्या, त्यामुळे मंडपातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू आलं.

"आ करा."

गणपतरावांनी आ केला.

टाळू लालबुंद होती, मधोमध पांढरी सालपटं लोंबत होती. जीभ मात्र गुलाबी, निरोगी, सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाची असावी तशी. विहंगनं मोठ्यानं निदान सांगितलं. सर्टिफिकेट लागलं तर मिळेल, असंही सांगितलं. विश्वस्तांनी रांगेनं पाहिलं. राजवर्धननं ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि पुटपुटला, "काका, पार्किंग गई."

"किती खाल्लंत?" भवानीबाईंनी विचारलं.

"दोन पळ्या," गणपतराव म्हणाले. मग टाळूवरून जीभ फिरवून, "जायफळ असतं तर तीन."

मान राहिला. खोल्या राहिल्या. इंदूनं भांडी पोत्यातून काढली, आणि पहिल्यांदा किसणी काढली. माफी मात्र कुणी मागितली नाही. चहा आला, सगळ्यांनी घेतला, अध्यक्षांनी निववून घेतला. सचिवांनी इतिवृत्त लिहिलं. पुढच्या आठवड्यात श्रियानं देवस्थानच्या ऑफिसात एक अर्ज दिला. तो आवक नोंदवहीत चढला आणि अजूनही अध्यक्षांच्या विचाराधीन आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष, मल्हारी देवस्थान, देवास.
विषय : टाळूच्या फोटोबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या जिभेचा फोटो ‘मुद्देमाल’ या शीर्षकाखाली देवस्थानच्या ग्रुपवर गुरुवारपासून आजतागायत ठेवण्यात आलेला आहे. तरी आपल्या टाळूचा फोटो त्याच ग्रुपवर, त्याच शीर्षकाखाली व तेवढेच दिवस ठेवण्यात यावा. तसेच पुढील चंपाषष्ठीपासून नैवेद्यापूर्वी सर्व विश्वस्तांच्या टाळूंची तपासणी करण्यात यावी व तिची सुरुवात अध्यक्षांपासून व्हावी. अर्जदाराच्या जिभेवरील नकाशा सध्या उजवीकडे सरकत असून त्याची हद्द कायम करून हवी असल्यास आपण स्वखर्चाने मोजणीदार पाठवावा, अर्जदार तोंड उघडून सहकार्य करील.

उत्तराची वाट पाहत आहे.

श्रिया नाफडे